चावते म्हणून परत आलेले पिल्लू

पावसाळ्यातली पिल्ले ऑगस्ट-सप्टेंबरात घरोघरी गेली आणि दिवाळीच्या आवराआवरीत त्यांतली बरीच परत आली. गेल्या महिन्यात आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय हाच आहे. कारणे ठरलेली: हाताला चावते, रात्री झोपू देत नाही, ओट्यावर चढते, पडद्याला लोंबकळते. पत्र लिहिणाऱ्यांचा सगळा राग दत्तक घेणाऱ्यांवर आहे. 'यांना खेळणे हवे होते, जीव नको होता,' असे ठाण्याच्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे. त्यांचा संताप आम्ही समजू शकतो. पण दहा-बारा आठवड्यांचे निरोगी पिल्लू चावणार, धावणार, चढणारच. कोपऱ्यात गप्प बसून राहिले तर आपणच त्याला डॉक्टरांकडे पळवतो. ते असे वागणार आहे हे घरच्या मंडळींना आधी कोणी सांगितले होते? आणि दात किती रोवायचे हे पिल्लाला कोणी शिकवले होते? ही दोन्ही कामे फोस्टरची, म्हणजे दत्तक जाईपर्यंत पिल्लू आपल्या घरी सांभाळणाऱ्याची आहेत आणि आपल्यातले बरेच जण ती करत नाहीत.

सध्या आमच्या मागच्या खोलीत असेच परत आलेले एक पिल्लू आहे. तांबडा बोका, साधारण अकरा आठवड्यांचा, वजन चांगले, डोळे स्वच्छ, ट्रायकॅट लशीचा पहिला डोस झालेला. तक्रार 'हल्ला करतो' अशी होती. टेबलाच्या कडेवर हात टेकवला की तो डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करतो, मागचा भाग दोनदा हलवतो आणि झेप घेतो. पुढच्या दोन्ही पायांनी मनगट कवटाळतो, दात रोवतो आणि मागच्या पायांनी कोपरापर्यंत ओरबाडत सुटतो. यात राग नाही, भीती नाही. कान पुढे आहेत, शेपटी फुगलेली नाही. हा निव्वळ शिकारीचा खेळ आहे आणि शिकार म्हणून त्याला माणसाचा हात दाखवला गेला आहे. कोणी दाखवला, तेही कळले. त्याच्या फोस्टरने सहाव्या आठवड्यात जाहिरातीसाठी पाठवलेल्या व्हिडिओत हेच पिल्लू चादरीखाली हलणाऱ्या बोटांवर तुटून पडते आहे, आणि खाली ओळ आहे, 'किती खेळकर, बघा!' ती ओळ वाचून ज्यांनी ते घेतले, त्यांनीच पाच आठवड्यांनी परत आणून दिले. पिल्लू तेच, खेळ तोच, दात तेवढे वाढले होते.

सहा आठवड्यांचे पिल्लू तळहातावर मावते, फोटोत गोड दिसते, पटकन जाते. म्हणून ते खायला लागले की देऊन टाकायची घाई होते. जागेची अडचण आम्ही नाकारत नाही. वन-आरकेमध्ये तीन पिल्लावळी सांभाळणाऱ्यांना उपदेश करणे सोपे आहे. पण या घाईत पिल्लाचे काय हुकते ते पाहा. भावंडांची कुस्ती चौथ्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि नवव्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत ती ऐन भरात असते. एकाने जोरात चावा घेतला की दुसरे किंचाळते आणि खेळ सोडून निघून जाते. चावणारे मागे उरते. पुन्हा खेळायचे तर दात आवरावे लागतात, हे त्याला दिवसातून कितीतरी वेळा कळत राहते. जबडा आवरायला मांजर असेच शिकते. आपण सहाव्या आठवड्यात त्याला भावंडांतून उचलले की हे शिक्षण अर्धवट राहते, आणि पुढचा भाग एखाद्या आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर सुरू होतो.

आमचे मत स्पष्ट आहे. आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू घराबाहेर जाऊ नये. नऊ-दहा झाले तर उत्तम. एकटे सापडलेले पिल्लू एकटे वाढवू नये. आजूबाजूच्या फोस्टरकडे त्याच वयाचे दुसरे असतेच. चौदा दिवसांचे विलगीकरण आणि शक्य असेल तिथे रक्ततपासणी उरकून त्यांना एकत्र करावे. पॅनल्यूक या विषाणूजन्य आजाराच्या भीतीने पिल्लाला महिनोन्महिने एकट्याला बाथरूममध्ये कोंडणारे फोस्टर आहेत. भीती खरी आहे, तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. पण विलगीकरणाला मुदत असते. ती संपली की दार उघडले पाहिजे. दत्तक देतानाही, घरात दुसरे मांजर नसेल आणि पिल्लू चार महिन्यांच्या आतले असेल, तर जोडी द्यावी. 'मुंबईत दोन मांजरे कोण घेणार?' हे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. जे विचारत नाहीत त्यांना कोणी हो म्हणत नाही. जोडीने गेलेली पिल्ले 'चावते' म्हणून परत आल्याची तक्रार या वर्षीच्या पत्रांत आम्हाला सापडली नाही.

हाताशी खेळणे पूर्ण बंद करा. हा नियम घरातल्या प्रत्येकाला लागू हवा, संध्याकाळी येणाऱ्या शेजारच्या मुलांनाही. खेळ काठीच्या टोकाला बांधलेल्या पिसाशी. पीस पिल्लाच्या तोंडासमोर नाचवायचे नसते. ते त्याच्यापासून दूर पळाले पाहिजे, खुर्चीच्या पायामागे दडले पाहिजे, थबकले पाहिजे, आणि शेवटी पिल्लाच्या पंजात सापडले पाहिजे. लेझरचा ठिपका कधीच सापडत नाही, म्हणून तो खेळ पिल्लाला चिडचिडे करतो. वापरायचाच तर शेवट खाऊच्या तुकड्यावर करा. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे पुरतात. रात्रीचा खेळ मात्र झोपण्यापूर्वी आणि लगेच त्यावर दिवसाचे शेवटचे खाणे. शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप हा मांजराचा क्रम आहे. तो रात्री दहा-साडेदहाला बसवला की पहाटे चारचा धिंगाणा बराच कमी होतो. चावलेच, तर हात झटकू नका. झटकलेला हात पळणाऱ्या उंदरासारखा वाटतो. हात सैल सोडा, खेळ थांबवा, उठून जा. नाकावर टिचकी मारणाऱ्यांना आम्ही फोस्टर मानत नाही.

खेळ संपला की काठी कपाटात जायला हवी. दर श्रावणात राखीचा दोरा गिळलेली पिल्ले शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतात, तसेच गजऱ्याचे आणि शिवणाचे दोरे. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच ओढला जातो. एक टोक जिभेखाली अडकले आणि दुसरे आतड्यात उतरले की आतडे चुण्यांसारखे गोळा होते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा दिसला तर ओढू नये हे आपल्याला माहीत आहे. दत्तक घेणाऱ्याला ते माहीत नसते, आणि बहुतेक माहितीपत्रकांत हे वाक्य नसते. 'दूध-पोळी देऊ नका' आणि 'फिनेलने फरशी पुसू नका' हीदेखील नसतात. ती छापा.

हात लावण्याबद्दल एवढेच. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी 1980 च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्ले सातव्या आठवड्यापासून हाताळलेल्यांपेक्षा माणसाजवळ जास्त सहज येत असल्याचे दिसले. माणसाची सवय लागण्याचा, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा हा काळ आपल्याच घरात जातो. त्या काळात एकाच बाईचा हात आणि एकच शांत खोली पिल्लाला पुरत नाही. पुरुषाचा आवाज, लहान मूल, मिक्सर, कुकरची शिटी, दाराची बेल, कॅरियरमध्ये बसून रिक्षातली एक फेरी, नखे कापणे, तोंड उघडून गोळी देण्याची सवय, सगळे तेव्हाच व्हायला हवे. वजनाची वही आपण काटेकोर ठेवतो. या गोष्टींचे पान त्या वहीत सहसा नसते.

आता या महिन्याच्या दुसऱ्या तक्रारीकडे. ती आपल्या माणसांबद्दल नाही.

फोस्टरमधल्या पिल्लाची नसबंदी कुठे करायची? खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही म्हणून वाचक महापालिकेच्या किंवा तिच्याशी जोडलेल्या केंद्रात जातात. तिथे अर्जावर दोन रकाने: भटके आणि पाळीव. 'पाळीव' लिहिले तर मोफत शस्त्रक्रिया नाही. 'भटके' लिहिले तर कानाला काप घ्यावा लागतो आणि जिथून पकडले त्या गल्लीचे नाव लिहावे लागते, कारण शस्त्रक्रियेनंतर त्याला तिथेच सोडायचे असते. ज्या पिल्लाला घर ठरले आहे, त्याच्या कॅरियरवर गटाराशेजारच्या गल्लीचा पत्ता! एका वाचकाला तर घरी नेण्यासाठी 'मी हे भटके मांजर स्वखुशीने ताब्यात घेत आहे' असे लिहून द्यावे लागले. पुढच्या खेपेला त्याच केंद्राने तो कागद दाखवून सांगितले, तुमच्याकडची मांजरे आता पाळीव आहेत. पुण्यात 2022 मध्ये महापालिकेने कुत्र्यांप्रमाणे मांजरांच्याही नोंदणीचा निर्णय घेतला, पण नोंदणी मालकाची असते. फोस्टर मालक नाही, संस्था नाही, फीडरही नाही. हजारो पिल्लांना रस्त्यावरून उचलून घरापर्यंत नेणाऱ्या माणसाला सरकारी कागदावर जागाच नाही. तिसरा रकाना छापायला किती शाई लागते?

त्याहून घातक आहे ती सहा महिन्यांची अट. 'सहा महिन्यांचे झाले की आणा' हे केंद्रांत सांगतात आणि अनेक खाजगी डॉक्टरही सांगतात. भाटी चौथ्या महिन्यात माजावर येऊ शकते. गाभणकाळ दोन महिन्यांच्या आसपासचा. आपल्याकडे दिवस मोठा राहतो, त्यामुळे थंड देशांसारखा लांबलचक विश्रांतीचा काळ तिला मिळत नाही. म्हणजे सहा महिने पूर्ण होईपर्यंत थांबलेली भाटी टेबलावर येते तेव्हा काही वेळा पोटात पिल्ले असतात. मग तेच डॉक्टर म्हणतात, आता उशीर झाला. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या कृतिगटाने 2016 मध्ये पाच महिन्यांच्या आत नसबंदीची शिफारस केली आणि पुढच्या वर्षी तिथल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला पाठिंबा दिला. तिथल्या आश्रयगृहांत आठ आठवड्यांच्या, किलोभर वजनाच्या पिल्लाची शस्त्रक्रिया करूनच त्याला दत्तक देतात. काळजी वेगळी घ्यावी लागते. रात्रभर उपाशी ठेवायचे नाही, दोन-चार तास पुरे, नाहीतर साखर उतरते. टेबल उबदार हवे, भूल वजनाला तोलून हवी, शुद्धीवर येताच थोडे खायला द्यायला हवे. हे जमणारे सर्जन महाराष्ट्रात आहेत, पण ते थोडे आहेत, आणि बाकीचे शिकायला तयार नाहीत. पशुवैद्यक महाविद्यालयांनी आणि पालिकांनी यावर एक प्रशिक्षण वर्ग घ्यावा अशी विनंती आम्ही याआधीही केली आहे. त्यावर उत्तर आलेले नाही.

तोवर आपण काय करतो? दहा आठवड्यांची भाटी नसबंदीविना देतो आणि 'सहा महिन्यांनी करीन' अशी सही घेतो. त्या सहीची आठवण करून द्यायला फोन करणारे फोस्टर बोटांवर मोजण्याइतके. पुढच्या मार्चमध्ये त्याच घराच्या जिन्याखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्ले सापडतात आणि फोन आपल्यालाच येतो. ज्यांच्याकडे लवकर नसबंदी करणारा डॉक्टर आहे, त्यांनी तरी यापुढे नसबंदीविना पिल्लू देऊ नये. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख आणि पैसे आधीच घ्यावेत आणि ती झाल्यावर पैसे परत करावेत.

आणखी एक गोष्ट थांबलीच पाहिजे. पिल्लू परत देणाऱ्यांचे नाव, फोटो, इमारतीचा पत्ता ग्रुपवर फिरवण्याची रीत पडली आहे. त्यातून पुढचा माणूस शहाणा होत नाही, घाबरतो. घाबरलेला माणूस पिल्लू आपल्याकडे परत आणत नाही. तो रात्री ते पार्किंगमध्ये सोडतो आणि 'पळाले' म्हणून सांगतो. 'जमले नाही तर केव्हाही आमच्याकडेच आणा' हे वाक्य आपणच करारात लिहितो. ते पाळून जो दारात येतो त्याला पाणी द्या, काय घडले ते विचारा, लिहून घ्या. हा तांबडा बोका एवढा चावरा का झाला हे आम्हाला त्या कुटुंबानेच नीट बसून सांगितले. दुसऱ्या एका घरी दोन वर्षांची शांत भाटी आहे, तो तिथे जाणार आहे. ती त्याला चार दिवसांत जे शिकवेल ते आपल्याला महिनाभरात जमणार नाही.

फेब्रुवारी-मार्चची पिल्लावळ यायला तीन महिने आहेत. तेवढ्यात एक काम होऊ शकते. आपल्या जिल्ह्यात पाच महिन्यांच्या आत मांजरांची नसबंदी करणाऱ्या डॉक्टरांना भेटा, त्यांची परवानगी घ्या आणि दवाखान्याचे गाव, शस्त्रक्रियेचे वार, किमान वजनाची अट आणि खर्च एवढे आम्हाला लिहून पाठवा. जिल्हावार यादी जानेवारीच्या अंकात छापू. ज्या जिल्ह्यातून एकही नाव येणार नाही, त्याची जागा यादीत कोरी सोडू आणि तो अंक त्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांना पाठवू. पत्रे 15 डिसेंबरपर्यंत यावीत.