जयपूरचे रस्ते आणि सायकलवरचा कामगार

७ एप्रिल २०२५ च्या रात्री जयपूरच्या दाट वस्तीतून एका कारखानदाराने आपली अवजड मोटार बेफाम हाकली. वाटेत येणाऱ्यांना उडवीत तो नाहरगढ रस्त्यापर्यंत गेला आणि किमान तीन माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी सीकर मार्गावर हरमाडा येथे एका डंपरने समोर येईल ते वाहन चिरडले. मृतांची संख्या दहाहून अधिक होती. दोन्ही चालक दारूच्या अमलाखाली होते, असे पोलिसांचे म्हणणे. दोन्ही वेळा संताप उसळला आणि यथावकाश ओसरला.

अशा भीषण घटना निदान वृत्तपत्रांत येतात. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील पाळी संपवून सायकलवरून घरी परतणारा कामगार मागून आलेल्या वाहनाखाली सापडला, तर त्याच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात; आणि त्या ओळींतही सायकलला दिवा नव्हता, तो मध्येच आडवा आला, असा ठपका बहुधा मृतावरच ठेवलेला असतो. मेलेला माणूस आपली बाजू मांडण्यास येत नाही, ही सोय मोठी आहे.

सायकल ही काही हौशी लोकांची चैन नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मोटार होती अवघ्या ४.७ टक्के कुटुंबांकडे. तरीही रस्ता आखला जातो तो या ४.७ टक्क्यांच्या सोयीने. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी वसविलेल्या या नगरीचे रुंद, सरळ रस्ते व चौपडी जगभर वाखाणल्या जातात. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळाचा मान दिला. पण त्या रुंदीत आज सायकलस्वाराला निर्धास्तपणे चालता येईल अशी हातभर पट्टीही शोधावी लागते. माणसांची ने-आण महत्त्वाची, वाहनांची नव्हे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने लिहून ठेवले होते. सीकर मार्गावर बससाठी जो स्वतंत्र पट्टा बांधला, तोही पुढे उखडण्याचाच निर्णय झाला.

राजस्थानात सरकारी शाळांतील नववीच्या मुलींना सायकली मोफत मिळतात. योजना चांगलीच आहे. परंतु भाजप सरकारने त्या केशरी केल्या, नंतरच्या काँग्रेस सरकारने काळ्या, आणि २०२४ मध्ये त्या पुन्हा केशरी झाल्या! रंगासाठी जेवढी आस्था दाखविली गेली, तेवढी त्या मुली ज्या रस्त्याने शाळेत जाणार त्याबद्दल दाखविली गेली असती, तर आम्हाला हे लिहावे लागले नसते.

चालकाच्या जबाबदारीविषयी आम्हाला संदिग्ध बोलावयाचे नाही. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. ताशी ६० किलोमीटरने जाणारा चालक ३० ने जाणाऱ्याच्या चौपट शक्तीने आदळतो, आणि हे गणित पोलादी पेटीत बसलेल्याच्या नव्हे, उघड्या सायकलवरील माणसाच्या हाडांवर सिद्ध होते. जो अधिक इजा करू शकतो त्यानेच अधिक जपले पाहिजे. अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. पळून जाणे हा भित्रेपणा तर आहेच, गुन्हाही आहे. असे असता केंद्र सरकारने २०१८ च्या अधिसूचनेने शहरी रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० किलोमीटरपर्यंत मुभा दिली, हे कोणत्या शहाणपणाचे लक्षण?

मात्र कारखानदाराची मोटार आणि भाडोत्री डंपर यांना एकाच मापाने मोजून भागणार नाही. पहिल्याला कसलीच सक्ती नव्हती. दुसऱ्यासारखे असंख्य चालक मालकाच्या खेपांच्या हिशेबाने रात्रंदिवस राबतात. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९६१ च्या कायद्याने घातली, पण ती कागदावर राहिली. दारू पिऊन हाकणाऱ्याला यातून सूट मिळत नाही. परंतु मालक चौकशीबाहेर राहतो, हे आम्हाला मान्य नाही. भारतीय न्याय संहितेतील पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षे कैदेच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चाके थांबविली, तेव्हा सरकारला ते कलम अमलात आणणे लांबणीवर टाकावे लागले. चालक म्हणत होते की थांबलो तर जमाव जीव घेईल. या भयाला उत्तर म्हणून तातडीची पोलीस मदत हवी होती. सरकारजवळ फक्त कैदेचे वाढीव आकडे होते.

आणि रस्ता बांधणाऱ्यांचे काय? २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८अ सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास कंत्राटदार व प्राधिकरणास एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरविते. कोट्यवधींच्या कंत्राटांत एवढी रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. त्याच दुरुस्तीने पादचारी व बिनइंजिनाच्या वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला आहे. राजस्थान सरकारने तो वापरून विश्वकर्मा, झोटवाडा व सीतापुरा येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सायकलींसाठी कठड्याने विलग केलेली मार्गिका, पाळी सुटण्याच्या वेळी अवजड वाहनांना बंदी आणि वस्तीत ताशी ३० किलोमीटरची मर्यादा ताबडतोब लागू केली पाहिजे. आणि प्रत्येक प्राणघातक अपघाताच्या चौकशीत वाहनमालकाच्या कामाच्या तासांच्या नोंदी जप्त झाल्या पाहिजेत.