फूटपट्टी शून्यावर नसली तर...

वस्तूचे एक टोक फूटपट्टीच्या शून्यावर असेल, तर ग्रामीण भारतातली १४ ते १८ वयाची सुमारे ८५ टक्के मुले तिची लांबी बरोबर सांगतात. तीच वस्तू थोडी पुढे सरकवली, की बरोबर उत्तर देणारी उरतात ३९ टक्के. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालातली ही नोंद. यात गणित म्हणावे असे काही नाही. शेवटच्या आकड्यातून पहिला आकडा वजा करायचा, एवढेच. गवंड्याच्या हाताखाली पंधरा दिवस काढलेला पोरगा इथे सहसा फसत नाही. साइटवरच्या टेपचे टोक बहुधा वाकलेले किंवा तुटलेले असते, त्यामुळे पहिला फूट सोडून मोजायचे आणि शेवटी फूटभर वजा करायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. नववीच्या वर्गात बसलेल्या त्याच्या भावाला मात्र हे कोणी करायला लावलेले नसते.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले चिचगड छत्तीसगडच्या सीमेलगत, जंगलपट्ट्यात आहे. धानाची रोवणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, आणि हंगाम सरला की मजुरीसाठी नागपूरची किंवा त्याहून लांबची वाट, हे या भागाचे वर्षाचे गणित. इथल्या मुलाला विजतंत्री किंवा जोडारी व्हायचे असेल, तर आधी दहावी व्हावे लागते. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडची तीच अट आहे. त्यानंतर देवरी किंवा गोंदिया गाठायचे, राहण्याची सोय बघायची. म्हणजे तेराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, हात शिकायला सर्वांत उत्सुक असतात त्या काळात, शाळा त्याच्या हातात पेनाखेरीज काही देत नाही. आणि गणित-इंग्रजीत अडखळून तो दहावीच्या आतच गळाला, तर आयटीआयचे दारही त्याच्यासाठी जवळजवळ बंद होते.

गावाला कारागीर नकोत, असे थोडेच आहे? 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरून पंप मिळतो. पाच वर्षे देखभाल पुरवठादार कंपनीकडे. सहाव्या वर्षी कंट्रोलर बंद पडला किंवा वायरचा जॉइंट सैल झाला, तर शेतकऱ्याने कोणाला बोलवायचे? नळयोजनेची गळकी जोडणी, धान मळायच्या यंत्राचा तुटलेला बेल्ट, आश्रमशाळेच्या वसतिगृहातले बंद पंखे, या सगळ्यासाठी तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत वाट बघितली जाते. काम गावात आहे आणि शिकायच्या वयाची मुलेही गावातच आहेत. दोघांची गाठ घालणारी जागा तेवढी नाही.

ही जागा कशी असते, ते महाराष्ट्राने चाळीस वर्षांपूर्वीच पाहिले आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी मागे टाकून डॉ. श्रीनाथ कलबाग पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ तेव्हा दुष्काळी गाव. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस पूर्णपणे हाताने काम करायचे, असा त्यांचा बेत होता. विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. चारही विभाग सर्वांना सक्तीचे. मुलींनी वेल्डिंग करायचे आणि मुलांनी स्वयंपाक. शिकवायला बी.एड. झालेला शिक्षकच हवा, असा हट्टही नव्हता. गावातला कुशल कारागीर चालत असे. राज्य मंडळाने या 'मूलभूत तंत्रज्ञाना'ला माध्यमिक शाळेचा विषय म्हणून मान्यता दिली.

पण कलबागांच्या विचारातली खरी मेख पुढेच आहे. शाळेने गावाला सेवा द्यायची. मुलांनी सरावासाठी केलेला लोखंडी तुकडा भंगारात टाकण्यापेक्षा कोणाच्या तरी घराचे फाटक करायचे, फेरोसिमेंटची पाण्याची टाकी बांधायची, माती आणि पाणी तपासून द्यायचे, आणि सामानाचे पैसे घ्यायचे. फाटक नीट लागले नाही, तर ते घरमालक सांगतोच. गुणपत्रिकेची वाट पाहावी लागत नाही. पाबळचे घुमटाकार 'पाबळ डोम' याच विचारातून आले. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, २००२ मध्ये उभी केली, तीही याच गावात. दहावी नापास मुलांच्या हाती लेझर कटर देणारे ठिकाण, अशी या गावाची ओळख जगभर गेली. आपल्याकडच्या किती शिक्षणाधिकाऱ्यांनी पाबळ पाहिले असेल, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

त्याआधीही याच विदर्भात एक सुरुवात झाली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' सुचवला. तो महाराष्ट्राच्या शाळांत पोहोचला तेव्हा त्याचे काय झाले, हे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कोणालाही विचारावे : खडू, मेणबत्त्या, कागदी फुले, आणि वर्षाच्या शेवटी वहीत चिकटवलेली 'टाकाऊतून टिकाऊ'. बाईंनी श्रेणी दिली की विषय संपला.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आले आहे. २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असे त्यात लिहिले होते. १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांत औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी आणि जर्मनीत ७५ टक्के, ही तुलनाही त्याच धोरणात आहे. २०२५ साल मागे पडले. 'असर'च्या त्याच अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटात व्यवसाय प्रशिक्षण घेत असलेले फक्त ५.६ टक्के दिसले होते. महाराष्ट्रात समग्र शिक्षा अभियानातून नववीपासून व्यावसायिक विषय आहेत. पाबळच्या अनुभवावर बेतलेला 'मल्टी स्किल' हा विषयही त्यात आहे. कागदावर सगळे ठीक. प्रशिक्षक मात्र एजन्सीमार्फत, कंत्राटावर. वेतन थकले म्हणून त्यांची आंदोलने होतात. आणि रिटेल किंवा ब्युटी-वेलनेससारखे विषय जंगलपट्ट्यातल्या मुलासमोर ठेवताना त्याच्या गावात मॉल किती आहेत, हे कोणी मोजत नाही.

हे सगळे बोलायला लागले की एक रास्त आक्षेप येतो. आदिवासींच्या आणि गरिबांच्या मुलांना हातोडी द्यायची आणि शहरातल्या मुलांना कोडिंग, हा कुठला न्याय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. जातीने ठरलेला धंदाच पुन्हा गळ्यात मारला जाणार, हे ओळखून लोक पेटून उठले. राजाजींना १९५४ मध्ये जावे लागले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी योजना गुंडाळली. ते योग्यच झाले. म्हणूनच पाबळची अट महत्त्वाची : शाळेचे तास कमी करायचे नाहीत, धंदा बापाचा नको, आणि चारही विभाग सर्वांना. अट खरी पाळायची, तर ती नागपूरच्या इंग्रजी शाळेलाही लागू व्हायला हवी. डॉक्टरच्या मुलीलाही प्लगमधली अर्थिंगची वायर कुठली, हे कळायला काय हरकत आहे?

शिवाय हाताच्या कामाने पुस्तक मागे पडते, हा समजच मुळात चुकीचा आहे. संडासाचा पाया आखताना गवंडी एका कोपऱ्यापासून दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर टेपने बघतो. पाच फूट भरले तर कोपरा गुण्यात आहे. दोन सूत जास्त भरले, तर दोरी आत सरकवायची. दहावीच्या भूमितीत पायथागोरसचे प्रमेय आहे. वर्गात ते सिद्धतेसह पाठ होते. चुना, दोरी आणि चार खुंट्या घेऊन शाळेच्याच मैदानात अर्ध्या तासात ते उभे करता येते. खुंटी ठोकलेल्या मुलाला मग कर्ण म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कारागीर नाहीत, ही सबबही झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात तरी चालू नये. दिवाळीनंतर गावोगाव नाटके लागतात. रंगमंच, पडदे, लाइट, साउंड घेऊन मंडळी येतात आणि एका दिवसात थिएटर उभे करतात. त्यातले बहुतेक जण हे काम कुठल्याही शाळेत शिकलेले नाहीत. ट्रॅक्टर मेकॅनिक, हातपंप दुरुस्त करणारा, बांबूची ताटी विणणारा, राइस मिलचा ऑपरेटर या परिसरात आहेत. आठवड्यातून एक दिवस त्यांना मानधन देऊन बोलवायला नियमात थोडी जागा करावी लागेल, एवढेच.

सोय देवरीत आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय तिथेच आहे आणि परिसरातल्या आश्रमशाळा त्याच्या अखत्यारीत आहेत. आश्रमशाळा निवासी, म्हणजे वेळेची अडचण जिल्हा परिषदेच्या शाळेपेक्षा कमी. प्रकल्प कार्यालयाने दोनच शाळा निवडाव्यात, तीन वर्षांसाठी. पत्र्याची शेड, वेल्डिंग मशीन, पाइप थ्रेडिंगचा संच, मल्टिमीटर, रंधे-पटाशा, आणि गॉगल व हातमोजे मुलांच्या संख्येइतके. विजेची कामे प्रशिक्षक समोर असल्याखेरीज नाहीत. वसतिगृहाची दुरुस्ती ठेकेदाराला देण्याआधी जेवढी मुलांना झेपेल तेवढी त्यांच्याकडून करून घ्यावी. त्यासाठी सामानाचे वेगळे लेखाशीर्ष हवे, नाहीतर यंत्रे येतात आणि वेल्डिंग रॉड संपले की शेडला कुलूप लागते.

पालकांच्या हातातही काही आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत चिचगड परिसरातल्या आईबापांनी दोन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत : यंदा मुलांच्या हाती अवजारे किती दिवस आली, आणि सामानावर किती रुपये खर्च झाले?