अडतंय कुठे?

विषय घरगुती आहे, पण त्यावरचं मत चार लोकांत मांडावं असं वाटलं.

मुलाने आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर जेलीफिन नावाचा मोफत मीडिया सर्व्हर बसवून दिला आहे. घरातले फोटो, गाणी, चित्रफिती सगळं त्यात असतं आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर बघायचं. दिवाळीत थोरली अक्का आली होती, वय ८४. तिला सौ.ची २०१२ मधली फीत बघायची होती, नातीला गौरी कशा मांडायच्या ते सांगतानाची. चौदा मिनिटांची. (सौ. जाऊन सहा वर्षं झाली.) लावली, तर दर दहा-बारा सेकंदांनी चित्र थिजायचं आणि तिचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. अक्का म्हणाली, "अरे, ही काही अशी अडखळत बोलायची नाही."

ते मला लागलं.

मग सल्ले सुरू झाले. भाचा म्हणाला, "मामा, जास्त स्पीडचा इंटरनेट प्लॅन घ्या." शेजारी म्हणाले टीव्ही बदला. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, नवा कॉम्प्युटरच पाठवतो." औषध प्रत्येकाकडे होतं, नाडी कोणीच बघितली नव्हती. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

शाळेत फळ्यावरचं वाचताना अडखळणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणून मोकळं होणं सोपं असायचं. अशाच एकाला मी पहिल्या बाकावर बसवलं आणि तो घडाघडा वाचायला लागला. त्याला मागून दिसतच नव्हतं! एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं, हे मी तेव्हापासून पाळतो.

इथेही तेच केलं. आधी राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढली. फीत तशीच अडखळत चालली! म्हणजे इंटरनेट निर्दोष. फाइल घरातल्या घरात जाते, तिला बाहेरच्या रस्त्याशी काय देणंघेणं? मग टीव्हीचं वायफाय बंद करून लॅन केबल जोडली. पुन्हा तेच. शेवटी सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडला, तर कारण तिथे लिहूनच ठेवलेलं होतं, आम्ही कोणी वाचलं नव्हतं इतकंच. ट्रान्सकोडिंग चालू, कारण हा व्हिडिओ कोडेक टीव्हीला चालत नाही. प्रोसेसर शंभर टक्के.

झालं होतं असं, की जागा वाचावी म्हणून मुलाने २०२० मध्ये सगळ्या फिती एच.२६५ मध्ये बदलल्या होत्या. हे मानक २०१३ चं. त्यात फाइल साधारण निम्मी होते. आमच्या टीव्हीला त्याआधीचं, २००३ चं एच.२६४ तेवढं कळतं. म्हणून बिचारा सर्व्हर मध्ये दुभाषी होऊन बसला होता. चित्र पुढे पळतंय आणि हा जागच्या जागी भाषांतर करतोय. दुभाषीही माझ्यासारखाच जुना, त्याला दम लागणारच.

रात्री हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने ती फीत एकदाच एच.२६४ मध्ये करून ठेवली. फाइल फुगली, फुगू दे. आधीची मात्र पुसली नाही. अशा प्रत्येक रूपांतरात चित्र थोडं झिजतं, आणि कॅमेऱ्यातली मूळ फाइल पुसली गेली याचा सल मला अजून आहे. असो.

नवं यंत्र कधी घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. चार टीव्हींवर एकदम ४के सिनेमे बघणाऱ्या घराला ते लागेलही. पण अडतंय कुठे ते न बघता पाकीट उघडायचं, ही सवय मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काची दहाची एसटी होती. चहा घेता घेता फीत लावली. सौ. सलग बोलत होती, मध्येच नातीवर डाफरत होती, हसत होती. अक्काने पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "हां, आता बोलली." मग म्हणाली, "पुन्हा लाव."

एसटी चुकली.