मोजणीबाहेरची हवा

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या दिवशी आमची मोटार चुडाव्याला बंद पडली. चुडावा कुठे आले, असे पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील, म्हणून सांगतो. परभणी जिल्हा, पूर्णा तालुका. पूर्णा जंक्शन सोडून आगगाडी नांदेडकडे निघाली की लगेच लागणारे छोटे स्टेशन.

आमची मोटार म्हणालो खरा, पण ती माझी नव्हे, थोरल्या भावाची. सारा जन्म काटकसरीत काढून दादाने निवृत्तीनंतर एकच चैन केली. २००६ सालची, परदेशी बनावटीची, सहा सिलिंडरची ही ऐटबाज गाडी त्याने दुसऱ्या हाताची घेतली आणि मुलीसारखी जपली. उपचारांसाठी पुण्याला आला तो हीच गाडी घेऊन. दादा इस्पितळात, गाडी गॅरेजात! त्यातली गाडी तेवढी परत आली. आता ती नांदेडला वहिनींकडे पोचवायची होती. पाडव्याला एक गृहस्थ ती घेऊन जाणार होते. तेही भंगाराच्या भावात.

भंगाराचा भाव येण्याचे कारण एक पिवळा दिवा. इंजिनाच्या आकृतीचा हा दिवा लागला की गाडीच्या संगणकाला काहीतरी खुपते आहे असे समजावे. गॅरेजवाल्यांनी यंत्र लावून दोन संकेतांक वाचले : पी ०१७१ आणि पी ०१७४. अर्थ असा, की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मिश्रण पातळ होते आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी. गाडीच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारी सेन्सरे असतात, तीच ही खबर देतात. गॅरेजने ती बदलली. बिल चाळीस हजार! आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर. मग म्हणाले, इंजेक्टर बदला, पेट्रोलचा पंप बदला. पुढे म्हणाले, साहेब, विकून टाका.

तर चुडाव्याजवळ सोयाबीनच्या पोत्यांची ट्रॉली रस्त्यात आडवी आली. मी पाय काढला, गाडी थरथरली आणि गप्प झाली. महामार्गावर ही बया हरणासारखी पळत होती. थांबली की मात्र तिला धाप लागे. सौ.नी माझ्याकडे असे पाहिले, की जणू ट्रॉली मीच आडवी घातली होती. (वाट वाकडी करून पूर्णेला मावसबहिणीकडे फराळाचा डबा पोचवण्याची कल्पना कोणाची, हे मी इथे लिहीत नाही.)

ट्रॅक्टरवाल्यानेच एका पोराला बोलावून आणले. पंचविशीतला, हाताला ग्रीस, खिशात मोबाइल. ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "काका, असं कामून बघायलेत? गाडीच हाय की ती बी."

काडेपेटीएवढे एक यंत्र त्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवले आणि मोबाइलवर आकडे पाहू लागला. संकेतांक त्याने वाचले, पण पुसले नाहीत. "दिवा विझवायला काय लागतंय, काका? तापमापक फोडल्यावर ताप उतरतो का?"

मग त्याने जे समजावले ते चाळीस हजारांत मला कोणी सांगितले नव्हते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, असे प्रमाण नीट जमले की ज्वलन पुरे होते. हवा किती आत आली ते तोंडाशी बसवलेला मापक मोजतो आणि त्या हिशेबाने संगणक पेट्रोल सोडतो. धुरातला ऑक्सिजन वाढलेला दिसला की संगणक पेट्रोल वाढवतो. किती टक्के वाढवले त्याची तो नोंद ठेवतो, आणि ही वाढ पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली की हात टेकून दिवा लावतो.

मला आपली जकात आठवली. नाक्यावर मोजून आलेल्या मालाचा हिशेब लागायचा; पण मागच्या गल्लीतून माल आत शिरला की बाजारात माल भरपूर आणि वहीत काहीच नाही! तशी मापकाच्या पुढे एखाद्या फटीतून हवा शिरली की संगणकाची वही चुकलीच. सेन्सर बिचारे खरे तेच सांगत होते. दूताने वाईट बातमी आणली म्हणून आपण दूतालाच बदलले होते, आणि तेही दोनदा.

पण फटच कशावरून? पंप अशक्त असेल, मापकाच्या तारेवर धूळ बसली असेल. त्या पोराने मला आकडे दाखवले. गाडी जागच्या जागी चालू असताना वाढ बावीस टक्के. त्याने पाय देऊन फेरे अडीच हजारांवर नेले, तशी ती सहावर उतरली. पंप थकलेला असता तर उलटे झाले असते. मागणी वाढली की तूट वाढली असती. फटीचे तसे नसते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की झडप मिटते, आत निर्वात वाढतो आणि फटीतून हवा जोराने ओढली जाते. झडप उघडली की समोरून एवढी हवा येते, की फटीतली पसाभर हवा खिजगणतीतही राहत नाही. शिवाय एकच बाजू पातळ असती तर दोष त्या बाजूला शोधायचा. दोन्ही पातळ, म्हणजे दोष दोघींच्या सामाईक वाटेवर.

मी शहाणपणा केला. "हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, त्याचे तर नाही?"

"त्याचं हाय, पण थोडं," तो म्हणाला. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे अशा पेट्रोलाला हवा कमी पुरते, १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास. म्हणून जुन्या गाडीचा संगणक आधीच काही टक्के वाढ देऊन बसतो आणि फटीसाठी त्याच्या गाठीला कमी उरते. "पण सगळं पेट्रोलवर ढकललं की शोधायचं काम वाचतं ना."

हे निर्वाताचे ज्ञान कुठून आले, असे मी विचारले. त्याचे आजोबा पूर्णेला रेल्वेत होते. मीटरगेजच्या गाड्यांना तेव्हा व्हॅक्युमचा ब्रेक असायचा. डब्यांमधल्या एका नळीला चीर गेली की व्हॅक्युम बनत नसे आणि गाडी जागची हलत नसे. मग कंदील घेऊन डब्याडब्याशी कान लावायचा. "आजोबा म्हणायचे, हवा दिसत नाही, पण बोलते."

त्याने इंजिन निवू दिले. तोवर आम्ही चहा घेतला. मग पत्र्याच्या डब्यात धूप पेटवून, सायकलच्या पंपाने आणि एका नळीने तो धूर हवेच्या वाटेत भरू लागला. पेट्रोलच्या गाडीशी विस्तवाचा खेळ मला पसंत नव्हता आणि वाचकांनी तो करू नये. त्याने मात्र डबा दहा हात दूर ठेवला होता. दोनच मिनिटांत इंजिनाच्या मागच्या अंगाने, हात न पोचणाऱ्या जागी, धुराची बारीक रेघ वर आली. इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत नेणारी रबरी नळी वळणावर, खालच्या बाजूने, अंगठ्याएवढी फाटली होती. वरून पाहणाऱ्याला कधीच दिसली नसती.

ट्रॅक्टरच्या डिझेलच्या नळीचा तुकडा, दोन क्लिपा, अर्धा तास. आकडा सातावर आला. "हा जुगाड नांदेडपर्यंत. तिथं असली नळी मागवा." मजुरी अडीचशे. मी पाचशेची नोट पुढे केली, तर त्याने उरलेले परत दिले, सौ.नी चकल्यांचा डबा दिला, तो मात्र घेतला.

गाडीचे कागद शोधताना पुढच्या कप्प्यात दादाची वही सापडली. तेल कधी बदलले, पेट्रोल किती भरले, सारे तारीखवार. शेवटचे पान पुण्याला येण्याच्या आठवड्यातले होते : ‘थांबली की थरथरते. मागून सूं आवाज. नळी पाहावी.’

पाडव्याला ते गृहस्थ आले. वहिनींनी त्यांना फराळ दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितले. पंधरा वर्षांनंतर केलेल्या फेरनोंदणीची मुदत संपत आली आहे, खर्च येईल, असे मी सुचवून पाहिले. "भाऊजी, येऊ द्या," त्या म्हणाल्या. वही त्यांनी ठेवून घेतली. निघताना मला एवढेच विचारले, "यांनी त्या गॅरेजवाल्यांना नळीचं सांगितलं नव्हतं का?"

सांगितले होते. माझ्यादेखत सांगितले होते. तिथला माणूस हसला, आणि दादाचा दंड धरून मीच म्हणालो होतो, ‘अरे, ही मोठी माणसं आहेत, त्यांना कळतं. तू आता गाडीचा विचार सोड.’ वहिनींना तेव्हा मी उत्तर दिले नाही. हा अंक दरवर्षी त्यांच्या घरी जातो. म्हणून इथे लिहितो आहे.