मुद्राचा अर्ज भरण्याआधी सिबिल रिपोर्ट उघडा!



"सर, मुद्रा तर सरकारी योजना आहे, मग बँकवाले सिबिल कशाला बघतात?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक बॅचमध्ये येतो.

उत्तर सरळ आहे. योजना सरकारची, पण पैसा बँकेचा. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, पण ते फेडावं तर लागतंच. पीएमईजीपीचं अनुदानसुद्धा बँकेने कर्ज मंजूर केलं तरच मिळतं. आणि तुमचा धंदा नवा असेल तर त्याचा ताळेबंद कुठून आणणार? मग मॅनेजर एकच गोष्ट बघू शकतो: आजवर घेतलेली उधारी तुम्ही कशी फेडली.

मला यात काही चूक वाटत नाही. उद्या तुम्ही दुकान टाकलं की तुम्हीही नव्या गिऱ्हाइकाला उधार देताना हेच बघाल ना?

चूक वाटते ती वेगळ्याच ठिकाणी. लोक प्रोजेक्ट रिपोर्टवर महिनाभर घालवतात, पण स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट एकदाही बघत नाहीत. तीन ठिकाणी हमखास पाय अडकतो.

१. सेटलमेंट. समजा, क्रेडिट कार्डाचे ६०,००० थकले. वसुलीवाला म्हणतो, "२५,००० भरा, विषय संपवा." ३५,००० वाचले म्हणून आपण खूश! पण रिपोर्टवर 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' असा शेरा पडतो. म्हणजे पूर्ण पैसे दिले नाहीत. पुढे ५ लाखांचं कर्ज बँकेत अडलं आणि तुम्ही खासगी सावकाराकडे शेकडा ३ ने गेलात, तर महिन्याला १५,००० नुसतं व्याज. बँकेत वर्षाला १२ टक्के धरले तर तेच ५,००० च्या आसपास. महिन्याला १०,००० चा फरक! वाचवलेले ३५,००० साडेतीन महिन्यांत गेले. म्हणून जमेल तितकं थांबा, हप्ते बांधून मागा, पण पूर्ण फेडा आणि 'नो ड्यूज' दाखला घ्या.

२. जामीनकी. मेहुण्याच्या गाडीसाठी सही केलीत? ते कर्ज तुमच्याही रिपोर्टवर दिसतं. त्याने हप्ते थकवले की चटका तुम्हाला बसतो. नात्यात नाही म्हणणं अवघड असतं, मान्य. पण धंदा सुरू करायच्या वर्षात तरी नाही म्हणा.

३. लपवाछपवी. मोबाइल अ‍ॅपवरचं ५,००० चं कर्ज कोणाला कळणार, असं वाटतं. पण नोंदणीकृत कंपनीचं असेल तर बँकेला दिसतंच. आजारपणात हप्ते चुकले असतील तर मॅनेजरला आधीच सांगा, कागद दाखवा. अडचण समजून घेणारा माणूस भेटू शकतो. खोटं पकडल्यावर मात्र कोणीच ऐकत नाही.

मग करायचं काय? सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो काढा. फेडलेलं कर्ज चालू दिसतंय? तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

आणि ज्यांनी कधीच कर्ज घेतलं नाही, त्यांनी घाबरू नका. कोरी पाटी म्हणजे खराब पाटी नव्हे.

शेवटी एकच सांगतो. धंद्याचं पहिलं भांडवल म्हणजे पत. ती कोणत्याच योजनेत अनुदानावर मिळत नाही. या रविवारी तासभर काढा, रिपोर्ट उघडा आणि एकेक ओळ वाचा. अर्ज त्यानंतर!