सुई राहू द्या, घर मोठे करा



घरातील वृद्ध व्यक्तीचे भरतकाम एका दिवसात थांबत नाही. आधी सुई ओवण्यासाठी नातवाला हाक मारावी लागते. मग फुल्या एखादे घर सोडून पडू लागतात. पुढे कधीतरी हरवलेली सुई गादीवर सापडते आणि मुलगा किंवा सून काळजीपोटी म्हणते, "आई, आता पुरे. डोळ्यांना त्रास कशाला?" डबा कपाटावर जातो. हेतू चांगलाच असतो; पण डब्याबरोबर दुपारचे दोन तासही हातातून जातात आणि त्यांच्या जागी काय आणावे, हे कोणी सांगत नाही. म्हणून आज एवढेच सुचवायचे आहे : सुई काढून घेण्याआधी कापडाचे घर मोठे करून पाहावे.

बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी ओळखले जाते. या परिसरातील कित्येक आजींची बोटे तूर निवडण्यात, पऱ्हाटीचा कापूस वेचण्यात आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवण्यात तयार झालेली आहेत. दारावरचे तोरण, चौकटीतले 'सुस्वागतम्', लेकीच्या रुखवतातला रुमाल हेही त्याच बोटांचे काम. अशा हातांना रिकामे बसणे म्हणजे विसावा वाटत नाही.

दोसुती किंवा मॅटीच्या कापडावर घरे मोजून फुलीचा टाका घालणे, म्हणजे आपण ज्याला क्रॉस स्टिच म्हणतो ते काम. हा टाका आपल्याला परका नाही. इरकली साडीवर शोभणाऱ्या धारवाडकडच्या कसुतीत 'मेंथी' नावाचा टाका असतो, तो फुलीचाच. उतारवयाला हे काम मानवते, याची कारणे साधी आहेत. टाका एकच, तोच पुनःपुन्हा. मध्येच उठावे लागले, तरी मोजलेले घर जागेवर राहते. चुकले तर उसवता येते आणि कापडाचे काही बिघडत नाही.

आता घर मोठे करणे म्हणजे काय, ते पाहू. या कापडावर १४, ११, ८ असे आकडे असतात. १४ म्हणजे एका इंचात १४ घरे. आकडा जितका लहान, तितके घर मोठे. ५६ घरांची नक्षी १४च्या कापडावर ४ इंच भरते. तीच ८च्या कापडावर ७ इंच होते. नक्षी तीच राहते, मात्र प्रत्येक फुली डोळ्यांना स्पष्ट दिसते. १४ जड वाटू लागले की ११ आणावे, पुढे ८. त्याहीपुढे प्लॅस्टिकची जाळी आणि लोकर घ्यावी. तिथे छिद्र बोटालाही जाणवते. तेही अवघड झाले, तर गोधडीचा धावदोरा आहे, जो सरावलेला हात बऱ्याच अंशी स्पर्शाने घालतो. अगदी शेवटी रंगांच्या लडी वेगळ्या करून देणे, हेही त्याच कामातले एक काम आहे. प्रत्येक पायरीवर थोडे थांबता येते. एकदम जिना उतरण्याची गरज नसते. जालना आणि छत्रपती संभाजीनगर बदनापूरच्या दोन बाजूंना आहेत. औषधांसाठी किंवा तपासणीसाठी तिकडे जाणाऱ्याने त्याच फेरीत कापड आणावे.

साहित्य निवडताना कापड पांढरे किंवा फिकट आणि दोरा गडद घ्यावा. काळ्या कापडावरची घरे तरुण डोळ्यांनाही थकवतात. सुई मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची असावी; घरांच्या कापडाला तीक्ष्ण टोक लागतच नाही. दोरा एक हात, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब पुरे. अधिक लांब दोरा गुंततो. मोतीबिंदूमुळे रंगांवर पिवळसर झाक येते आणि निळा व हिरवा सहज वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून प्रत्येक लडीला मोठ्या अक्षरांत रंगाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी. उजव्या हाताने भरणाऱ्यांनी उजेड डाव्या बाजूने घ्यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही.

बारीक काम केल्याने डोळे कायमचे बिघडतात, ही समजूत खरी नाही. एकटक पाहताना पापण्या कमी लवतात. त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि थकतात. दर वीस मिनिटांनी मान वर करून दारातले झाड पाहावे, बोटे उघडमीट करावीत आणि थोडे चालून यावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असल्यास पुन्हा सुई केव्हा धरावी, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी अंगुस्तान वापरावे आणि काम संपल्यावर बोटे नीट पाहावीत.

भरणाऱ्यांना एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळू शकते. नेत्रतज्ज्ञ दृष्टिपटलाच्या मध्यभागाची तपासणी करताना चौकटी आखलेला एक तक्ता दाखवतात. आपल्या कापडावरही तशाच चौकटी असतात. एक डोळा झाकून पाहताना घरांच्या सरळ रेषा वाकड्या किंवा लहरी दिसल्या, मध्येच डाग दिसला, तर चष्म्याचा नंबर वाढला असे समजून थांबू नये. लगेच तपासून घ्यावे. सुई अचानक हातातून निसटू लागली आणि तो हात किंवा चेहऱ्याची एक बाजू कमजोर वाटली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

स्मरणशक्तीचे काय? अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षांवरील २५६ व्यक्तींचा काही वर्षे मागोवा घेतला. त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हस्तकला करणाऱ्यांमध्ये सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण कमी आढळले. मात्र हस्तकलेमुळेच ते कमी झाले, असे यावरून सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी शाबूत तेच अशी कामे करत राहतात, असेही असू शकते. तेव्हा औषध म्हणून कोणाला सुई देऊ नये. आवडते म्हणून द्यावी.

हा छंद आजींचाच, असेही समजू नये. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांनी रुग्णालयांत बसून भरलेले वस्त्र लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या वेदीसाठी वापरले गेले. निवृत्तीनंतर हात चाळवत बसणाऱ्या आजोबांपुढेही एकदा कापड ठेवून पाहावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना दोन विनंत्या. सकाळी पाच-सहा सुया ओवून उशीत टोचून ठेवाव्यात आणि संध्याकाळी मोजून घ्याव्यात. सुरक्षेची काळजी तेवढ्याने बरीच हलकी होते. दुसरी विनंती अधिक नाजूक आहे. चुकलेल्या फुल्या रात्री गुपचूप उसवून दुरुस्त करू नयेत. ज्या हाताने साठ वर्षे घरे मोजली, त्याला सकाळी ती लबाडी कळते. चुका अचानक वाढल्या असतील, तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. कापडाला हात लावू नये.

आणि काम कोणासाठी, हे आधी ठरवावे. बारशाचे झबले, नव्या घराचे तोरण, शेजारच्या मुलीच्या रुखवतातला एखादा रुमाल. वाट पाहणारे कोणी असले, की दुपारी चष्मा आपोआप शोधला जातो. फुल्या थोड्या मोठ्या असतील, ओळ एखाद्या ठिकाणी सरकलेली असेल. घेणाऱ्याने ते तोरण तसेच दारावर लावावे.