'काटेरी तार द्या' म्हणणं आता बंद करा!



बांधाला तार ओढायचा हंगाम आलाय म्हणून लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

दुकानात जाऊन आपण म्हणतो, "काटेरी तार द्या, चांगली." बियाणं घेताना वाण विचारतो, खत घेताना गोणीवरचे आकडे वाचतो, मग तारेलाच नुसतं 'चांगली' का? मागच्या वर्षी मी बारा नंबर मागितली. घरी आली चौदा. बिलावर फक्त 'तार' आणि किलो. भांडायला गेलो तर हातात पुरावा काय? काही नाही. चूक दुकानदाराची, पण निम्मी माझीही.

तर नीट ऐका. 12×14 म्हणजे पहिला आकडा पिळाच्या मुख्य तारेचा, दुसरा काट्याचा. आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, जाड नाही! बारा गेज साधारण अडीच मिलिमीटर, चौदा गेज दोन. फरक अर्धाच मिलिमीटर दिसतो, पण तेवढ्याच लांबीला लोखंड दीडपटीहून जास्त लागतं. म्हणून चौदा नंबर किलोमागे लांब जाते आणि आपण खूश होतो. पुढे म्हैस अंग घासते अन् तार लोंबते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. हल्ली ब्लेडची तारही 'काटेरी' म्हणूनच खपवतात, नाहीतर 'कन्सर्टिना' असं भारी नाव लावतात. कन्सर्टिना हे भात्यासारखं उघड-मीट होणारं वाद्य. ते नाव गुंडाळीच्या आकाराचं झालं, धारेचं नाही. धार कळते बीटीओ-22 सारख्या नावातून. त्यातले 22 म्हणजे पात्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. ही तार तुरुंगाच्या अन् लष्कराच्या भिंतीवरची. काटा टोचतो, जनावर मागं सरतं. पातं कापतं, आणि जनावर जितकं हिसकतं तितकं आणखी कापतं.

"रानडुकरांसाठी लावली," म्हणतात. अहो, डुक्कर खालून माती उकरून जातं! अडकतं ते शेजाऱ्याचं वासरू.

म्हणून ठरवा: गेज, काट्यांमधलं अंतर आणि जस्ताचा मुलामा, तिन्ही बिलावर लिहून घ्यायचं. दुकानदार नाही म्हणाला तर दुकान बदला. आणि ब्लेडची तार बांधावर नकोच.

तुमच्या बिलावर काय लिहिलंय? आज काढून बघा.